एका आकड्यातली थंडी

महाराष्ट्राला थंडीचे भय कधी वाटलेच नाही. दुष्काळाने या भूमीला पिढ्यान्‌पिढ्या छळले, अतिवृष्टीने आणि गारपिटीने रडवले, उन्हाच्या झळांनी विदर्भ-मराठवाड्याला दरसाल होरपळून काढले. थंडी मात्र या मालिकेत बसत नाही, अशी आपली समजूत आहे. थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, पेटीतून बाहेर निघणारे लोकरीचे कपडे आणि भूक वाढवणारी सकाळ. तिला आपण ‘गुलाबी’ हे विशेषण बहाल केले आहे आणि त्या विशेषणाचा मोह वृत्तपत्रांनाही दरवर्षी आवरत नाही. डिसेंबर-जानेवारीत एखादा आठवडा असा येतो की नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याचे नाव पहिल्या पानावर झळकते. पारा इतक्या अंशांवर उतरला, अशी बातमी येते. तिच्या शेजारी शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींचे छायाचित्र येते. आणि आठ दिवसांनी पारा चढला की तालुक्याचे नाव पहिल्या पानावरून उतरते.

या आठ दिवसांत त्या तालुक्यात नेमके काय घडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो होत नाही याचे एक कारण असे की, संपूर्ण आठवड्याची थंडी आपण एकाच आकड्यात कोंबून ठेवली आहे. किमान तापमान हा तो आकडा. तो खोटा नाही. पण तो अपुरा आहे. आणि आकडा अपुरा असला की त्याच्या आधारे उभी राहणारी व्यवस्थाही अपुरीच राहते.

वाऱ्याचे दिवस आणि निवांत रात्री

या आठवड्याची सुरुवात निफाडात होत नाही, ती हिमालयात होते. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकत येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलात बर्फवृष्टी करून पुढे निघून जातात आणि त्यांच्या पाठोपाठ वायव्येकडून कोरडी, थंड हवा मैदानात उतरते. राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून ती तापीच्या खोऱ्यात येते आणि चांदवडजवळच्या सातमाळ्याच्या रांगेपलीकडे गोदावरीच्या खोऱ्यात शिरते. विक्षोभाच्या प्रभावाने आधी एकदोन दिवस आभाळ भरून आलेले असते. ते निवळते आणि ‘उत्तरेचा वारा सुटला’ असे शेतकरी म्हणू लागतात. आठवड्याचा पूर्वार्ध हा असा वाऱ्याचा असतो. दिवसाही अंगावरची लोकर काढवत नाही.

मग वारा पडतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, रात्र दीर्घ. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकून देते आणि तिला अडवायला वर ढगांचे पांघरूण नसते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून पाणी वाहावे तशी सखल भागाकडे वाहत जाते. निफाड तालुका गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या खोऱ्यात वसलेला आहे. नांदूरमध्यमेश्वर येथे त्यांचा संगम होतो. ही सखल भूमी जशी पाणी साठवते तशी थंड हवाही साठवते. पारा नीचांकी उतरतो तो बहुधा या निवांत रात्रींच्या शेवटच्या प्रहरी. वारा वाहत असतो तेव्हा वरची तुलनेने उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत राहते आणि पाऱ्याला फार खाली जाऊ देत नाही.

येथेच एका आकड्याचा घोटाळा सुरू होतो. वाऱ्याच्या दिवसांत पारा फारसा उतरत नाही, म्हणून बातमी होत नाही. पण माणसाला थंडी सर्वाधिक बोचते ती याच दिवसांत. वारा पडल्यावर पारा उतरतो, बातमी होते. पण त्या रात्रींचा खरा घाव बसतो तो द्राक्षवेलींवर. एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या थंड्या येतात, दोन वेगवेगळ्या बळींवर येतात आणि त्यांतील एकीचीच नोंद आपण ठेवतो.

माणसाची थंडी

वाऱ्याने थंडी वाढते हे सांगायला शास्त्रज्ञांची गरज नाही. परंतु ती किती वाढते याचे मोजमाप प्रथम अंटार्क्टिकावर झाले. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून वारा व तापमान यांचा मेळ घातला आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्यात सुधारणा होत गेली. अमेरिका आणि कॅनडा या देशांत २००१ पासून वापरात असलेले सूत्र निफाडला लावून पाहिले तर काय दिसते? तापमापक आठ अंश दाखवत असताना ताशी चाळीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला जाणवणारी थंडी सुमारे तीन अंशांइतकी असते.

ताशी चाळीस किलोमीटरचा वारा निफाडात रोज कोठे वाहतो, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: तो उघड्या पिकअप गाडीत वाहतो. द्राक्षबागांचा हंगाम हा मजुरांच्या हातांवर उभा असतो. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून शेकडो कुटुंबे या कामासाठी निफाड-दिंडोरीकडे येतात. पहाटे नाक्यावर उभे राहायचे, ठरलेल्या गाडीत दाटीवाटीने चढायचे आणि बागेत पोहोचताच घडांची विरळणी करायची किंवा संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, हा त्यांचा क्रम. ओले हात, उघडी मान, पातळ शाल आणि धावत्या गाडीचा वारा यांची बेरीज कोणत्याही वेधशाळेच्या नोंदवहीत येत नाही. आकडा आठ अंशांचा असतो. तिच्या वाट्याला आलेली थंडी तीन अंशांची असते.

तीच गोष्ट ऊसतोड कामगारांची. बीड-अहिल्यानगरकडून आलेली ही कुटुंबे फडाच्या कडेला कोपी उभारून राहतात. पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद या भिंतींना वारा अडत नाही. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि तान्ही मुले त्या कोपीत किंवा फडाच्या बांधावर असतात. शहरात उड्डाणपुलाखाली, गोदाघाटाच्या पायऱ्यांवर, बसस्थानकाच्या आडोशाला झोपणाऱ्यांची कथा वेगळी नाही. थंडीने मेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या कारणात थंडी क्वचितच लिहिली जाते. तिथे हृदयविकार लिहिला जातो, दमा लिहिला जातो, न्यूमोनिया लिहिला जातो. म्हणून महाराष्ट्रात थंडीने माणसे मरत नाहीत, असा समज टिकून राहतो.

वेलीची थंडी

आता दुसऱ्या थंडीकडे वळू. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडात पारा दोन अंशांच्या आसपास उतरला आणि द्राक्षाच्या पानांवरचे दव गोठलेले लोकांनी पाहिले. पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग दोन अंशांना दव गोठले कसे? तापमापक जेथे असतो तेथे वेल नसते, हे त्याचे उत्तर आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, आकाशापासून झाकलेला असतो. पान मात्र उघड्या आकाशाखाली असते. ते आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते. पेटीतला पारा दोन अंश म्हणतो तेव्हा पानाने शून्य ओलांडलेले असू शकते.

हे ज्ञान परदेशातून आणावे लागेल असेही नाही. जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास पुण्यातच झाला. डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवामान खात्याची कृषी-हवामान शाखा तेथे १९३२ मध्ये कामाला लागली. निवांत, निरभ्र रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर असते, हे त्यांनी त्याच सुमारास दाखवून दिले. जगाचा आधी त्यावर विश्वास बसला नव्हता. आज त्या थराला त्यांचेच नाव आहे. पिकाच्या उंचीवरची थंडी आणि पेटीतली थंडी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे नव्वद वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर सिद्ध झाले. ते निफाडच्या बागाइतदाराच्या उपयोगी अद्याप पुरेसे पडलेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

थंडीने बागेचे होते काय? पारा फार उतरला की मुळांचे काम मंदावते आणि मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर पडले की हिरवे राहायला हवे ते मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीच्या दृष्टीने असा घड बाद होतो. एरव्ही आवडणारा थंडीचा हा गुलाबी रंग बागाइतदाराच्या पोटात गोळा आणतो! तो आपल्या परीने झुंजतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो; विहिरीचे तुलनेने उबदार पाणी वेलींच्या मुळाशी सोडतो; घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतो. पाऱ्याचा आकडा छापणारे वर्तमानपत्र असे अखेर पाऱ्यापासून संरक्षण करण्याच्या कामी येते. निफाडला ‘महाराष्ट्राचा कॅलिफोर्निया’ म्हणण्याची पद्धत आहे. खऱ्या कॅलिफोर्नियात अशा निवांत रात्री बागांमधून मोठे पंखे फिरवले जातात आणि वरची उबदार हवा खाली आणली जाते. म्हणजे जो वारा मजुराच्या अंगाला बोचतो तोच वारा वेलीला वाचवतो. मालक ज्या रात्री वाऱ्याची वाट पाहतो, त्याच वाऱ्याला त्याच्या बागेतली मजूर स्त्री सकाळी दूषणे देते. एकाच बांधावर उभ्या असलेल्या या दोघांना एकच आकडा कसा पुरणार?

येथे हेही नमूद केले पाहिजे की, थंडी ही सर्वांचीच वैरीण नाही. याच तालुक्यात कुंदेवाडीला कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे आणि निफाडच्या पाऱ्याची बातमी बहुधा तेथूनच येते. गव्हाला फुटवे फुटण्यासाठी थंडी हवी असते; हरभऱ्यालाही ती मानवते. कांद्याचे मात्र दोन्हीकडून मरण: थंडी थोडी असली तर बरे, लांबली तर डेंगळे येतात आणि लासलगावच्या बाजारात त्याला भाव राहत नाही. एकाच शिवारात एकाचा आनंद आणि दुसऱ्याचा घोर शेजारी शेजारी उभे असतात. म्हणूनच थंडीकडे ‘संकट’ किंवा ‘मौज’ अशा एका शब्दात पाहणे चुकीचे ठरते.

कागदावरची आपत्ती

शासन या बाबतीत अगदीच अनभिज्ञ आहे असे म्हणता येणार नाही. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा त्याहून अधिक कमी असले, तर ती थंडीची लाट. पारा चार अंशांवर वा त्याखाली गेला तर सरासरी न पाहताही लाट. दोन अंशांवर तीव्र लाट. थंडीच्या लाटांचा देशातील जो मुख्य पट्टा खात्याने ठरवला आहे त्यात पंजाब-हरियाणाबरोबर मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांचाही समावेश आहे. केंद्राने आपत्तिनिवारण निधीसाठी निश्चित केलेल्या आपत्तींच्या यादीत ‘कडाक्याची थंडी’ आहे आणि राज्याच्या मदतविषयक आदेशांतही ती येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२१ मध्ये शीतलहरींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. कागद परिपूर्ण आहे.

अडचण आहे ती कागद आणि शिवार यांच्यामधल्या अंतराची. पीकनुकसानीची मदत मिळण्यासाठी ३३ टक्के वा त्याहून अधिक नुकसान दाखवावे लागते. गारपीट झाली की पडझड डोळ्यांना दिसते, तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, पंचनामा होतो. थंडीचे नुकसान असे दिसत नाही. घड वेलीवरच असतो. तो फक्त फुगलेला नसतो. परदेशी बाजाराला सोळा मिलिमीटरच्या पुढचा मणी लागतो. हा त्याच्या आत राहतो. त्याचे नुकसान दिसते ते महिना-दोन महिन्यांनी, व्यापारी बागेत येऊन दर पाडतो तेव्हा. तोपर्यंत थंडी ओसरलेली आणि पंचनाम्याची वेळ टळलेली असते. पीक नष्ट झाले नाही, फक्त त्याची प्रत गेली, या नुकसानीला आपल्या नियमांत जागाच नाही. जागा मिळाली तरी २०२२ साली ठरलेल्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक पिकांसाठी मदत हेक्टरी २२,५०० रुपये, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. द्राक्षबागेचा हेक्टरी खर्च लाखांत असतो.

हवामानावर आधारलेला फळपीक विमा या त्रुटीवर उतारा म्हणून आला. त्यात पंचनाम्याची गरज नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने ठरावीक मर्यादेखालचे तापमान नोंदवले की भरपाई देय होते. कल्पना उत्तम आहे. परंतु एका महसूल मंडळात अनेक गावे येतात. केंद्र उंचवट्यावर आणि बाग नदीकाठच्या खोलगटात असली, तर बागेत दव गोठते आणि केंद्र मात्र मर्यादेच्या वरचा आकडा दाखवते. एकट्या निफाड तालुक्यातच कुंदेवाडीचा आकडा आणि ओझरचा आकडा यांत एकाच पहाटे अंतर पडते, ही दर हिवाळ्यातील बातमी आहे. अर्ध्या अंशाच्या फरकावर भरपाई अवलंबून असेल, तर तापमापक कोठे बसवला आहे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो पैशाचा आणि न्यायाचा प्रश्न होतो.

आणि मजुराचे काय? बागाइतदारासाठी निदान एक योजना आहे, तिच्यातील उणिवांवर भांडता तरी येते. वाऱ्याच्या दिवशी उघड्या गाडीतून येणाऱ्या स्त्रीसाठी, कोपीतल्या मुलासाठी कोणतीही मर्यादा ठरलेली नाही आणि म्हणून ती ओलांडलीही जात नाही. शहरी बेघरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा, असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिल्लीच्या हिवाळ्यातील मृत्यूंच्या निमित्ताने धरला. फडावरच्या आणि नाक्यावरच्या बेघरपणाची व्याख्या मात्र त्या शहरी चौकटीत बसत नाही.

करता येण्यासारखे

उन्हाच्या बाबतीत आपण काही शिकलो आहोत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पाठोपाठ नागपूरने केला. दुपारी कामाच्या वेळा बदलाव्यात, पाणपोया असाव्यात, रुग्णालयांनी सज्ज राहावे, या गोष्टी आता कोणाला विचित्र वाटत नाहीत. थंडीसाठी हेच करायला फार खर्च येतो असेही नाही. हवामान खात्याने मध्य महाराष्ट्रासाठी इशारा देताना किमान तापमानाबरोबर वारा धरून जाणवणारी थंडीही सांगावी. ज्या दिवशी ती ठरावीक मर्यादेखाली जाईल त्या दिवशी शेतकामाची आणि तोडीची सुरुवात तास-दीड तास उशिरा व्हावी. लहान मुलांच्या बाबतीत हे तत्त्व एका परीने मान्य झालेच आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यामागचे कारण मुलांच्या झोपेचे होते. परंतु पहाटेच्या वेळेवर शासन बोलू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मजुरांच्या गाडीला ताडपत्रीचे आच्छादन, कोपीसाठी वारा अडवणाऱ्या भिंती, आश्रमशाळेत अंघोळीला गरम पाणी, या मागण्यांना अर्थसंकल्पाची नव्हे, इच्छेची वाण आहे.

बागांच्या बाबतीत पहिली गरज मोजमापाची. नदीकाठच्या सखल गावांत, पिकाच्या उंचीवर तापमापक बसवावेत आणि विम्याचे निकष त्या नोंदींशी जोडावेत. दुसरी गरज प्रतीच्या नुकसानीला नुकसान म्हणण्याची. निर्यातक्षम म्हणून नोंदवलेल्या बागेतील माल थंडीने बाद झाला, तर त्याची नोंद नोंदणीच्या त्याच व्यवस्थेत होऊ शकते. नव्याने यंत्रणा उभारण्याची गरज नाही.

पृथ्वी तापत आहे, मग थंडीची चिंता कशाला, असा एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. तो फसवा आहे. सरासरी वाढली म्हणजे टोके नाहीशी होत नाहीत. उलट उबदार नोव्हेंबरने वेल कोवळी राहते आणि मग अचानक आलेली थंडी तिला अधिक जिव्हारी लागते. माणसाच्या शरीराचेही तसेच. ज्या थंडीची सवय राहिली नाही, ती अधिक बाधते.

निफाडच्या थंडीकडे पाहायला दरवर्षी लोक येतात. नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात. रामसर करारानुसार मान्यता मिळालेली महाराष्ट्रातील ती पहिली पाणथळ जागा. २०२० च्या प्रारंभी ही मान्यता जाहीर झाली. त्या पक्ष्यांची मोजदाद होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच पहाटे, त्याच रस्त्यावरून उघड्या गाडीत बसून कामाला निघालेल्या माणसांची मोजदाद कोणी करत नाही. जोवर ती होत नाही, तोवर पाऱ्याचा आकडा कितीही अचूक असला तरी थंडीचा हिशोब चुकलेलाच राहील. येत्या हिवाळ्यात निफाडचे नाव पुन्हा पहिल्या पानावर येईल. त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा छापण्याची तयारी शासनाने आताच करावी: त्या थंडीत कितीजण उघड्यावर होते, हा.